मास्तरांच्या जागी वकिलाचं नाव

“मुट्टबेड!” मतं घेणारे शिरस्तेदार खेकसले. हात लावू नकोस म्हणे. कागदाकडे नेलेला हात मी झटकन मागे घेतला.

आम्ही म्हैसूरचे रंगारी. नीळ कोपरापर्यंत मुरलेली. त्या दिवशी सकाळी लिंबानं घासघासून कातडं सोललं होतं मी. कोरड्या हाताचा डाग कागदाला लागत नाही. हे ठाऊक असून तोंडातून शब्द निघाला नाही.

दरबारच्या सभेत आमच्या पेठेतून एक माणूस पाठवायचा होता. उभे होते दोघं. एक वकील, त्यांना आमची रंगाची कुंडं शहराबाहेर, हिनकलच्या पलीकडे हवी होती. दुसरे आमच्या शाळेतले मास्तर, ते आमच्या बाजूनं बोलणार होते.

ज्याला लिहिता येतं त्यानं स्वतः लिहायचं, हा नियम. मी चार इयत्ता शिकलेला.

“साहेब, मला येतं लिहायला.”

“नाव सांग. मी लिहितो.”

मी मास्तरांचं नाव सांगितलं. त्यांनी वकिलाचं लिहिलं. कागद त्यांच्याकडे तोंड करून होता, पण आम्ही कापड छापतो त्या ठशांवर सगळं उलटंच कोरतात. उलटं वाचण्यात जन्म गेलेला माझा. लख्ख दिसलं.

मी म्हणालो, “बरं साहेब.” आणि वाकून नमस्कार केला. त्या चोराला!

मागे तुकाकाका होते, वडिलांचे चुलतभाऊ. अक्षरशत्रू. कानाशी येऊन म्हणाले, “तुझ्या कागदावर साहेबांनी आपल्या मास्तरांचंच लिहिलं, अल्वा? हो ना?”

“हो काका.”

का म्हणालो? भ्यालो म्हणून. चारचौघांत पुन्हा हाड्‌हूड नको म्हणून. काकांच्या कागदावरही वकीलच उतरला. कागद पेटीत पडला आणि भोळे काका शिरस्तेदारांना हात जोडू लागले. माझ्या शब्दावर. तेव्हा मला माझीच किळस आली.

मी परत टेबलाशी गेलो. “साहेब, तुम्ही आमची नावं बदललीत. पुढच्याचा कागद मोठ्यानं वाचून दाखवा.”

“तू कोण रे विचारणारा?”

“मत देणारा.”

शिपायानं मानेला धरून बाहेर काढलं. पायरीवर काकांना सगळं सांगितलं. ते माझ्याकडे न बघताच घरी गेले.

वकील निवडून आले. कुंडं हलली.

काकांनी माफ करावं असं मी म्हणत नाही. पण आता प्रत्येक निवडणुकीला त्या टेबलाशी मी उभा राहणार. माझा कागद मी लिहीन. ज्याला वाचता येत नाही त्याचा मोठ्यानं वाचेन, मगच तो पेटीत जाईल. शिपाई हाकलेल. मी परत येईन.