भिंतीवर न टिकलेले हात

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे मी चित्रं काढत बसतो याचं माझ्या वडिलांना, आबांना, फार वाईट वाटायचं. "बी.ए. होऊन भिंती रंगवून राहिलास. ह्याला काम म्हणतेत का?" असं ते चारचौघांत विचारत. शेवटी धर्माबादला मामांच्या धान्याच्या आडतीवर कामाला जायचं ठरलं. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात रेणुकामातेच्या देवळाची भिंत तेवढी रंगवायची राहिली होती. हे शेवटचं चित्र, असं मी मनाशी म्हटलं. पण ब्रश हातात घेतला की रोज विचारायचो, आई, हे माझं काम तुला खरंच लागतं का?

कॅलेंडरातल्या देवींसारखी मी तिला उभी, चार हातांची काढली. सकाळी देवळाचं कुलूप उघडलं तर हातांचा रंग सुटून फरशीवर पडलेला. बांगड्यांसकट बोटं जशीच्या तशी. चेहऱ्यावर मात्र साधा ओरखडा नव्हता. भिंत घासून, पुट्टी भरून मी हात पुन्हा काढले. सकाळी पुन्हा तेच. "देवीला पसंत न्हाईत बघ तू काढलेले हात," देवळाचे पुजारी गुरवकाका हसले. पण तेव्हापासून ते गाभाऱ्यात एकटे थांबेनात.

एका दुपारी मी पायरीवर बसलो असताना एक म्हातारी आली. चेहरा मोठा, कपाळभर कुंकू, दोन्ही हात पदराखाली. "लेकरा, पाणी पाज." मी तांब्या पुढे केला. तिनं नुसतं तोंड उघडलं. मी पाणी ओतलं. मग म्हणाली, "विडा कुटून दे." गुरवकाकांच्या खलबत्त्यात मी विडा कुटला, माहूरला देवीसाठी कुटतात तसा. "भरव." माझी बोटं तिच्या ओठांना लागली. भर उन्हात ते दगडासारखे गार होते.

"आजी, हात दुखतेत का?"

"असते तर दुखले असते," ती विडा चघळत म्हणाली.

मी खलबत्ता ठेवायला वळलो. गुरवकाका दारात उभे होते. "कोणाशी बोलून राहिलास?" पाहिलं तर वेशीपर्यंतची वाट मोकळी.

मग लख्ख आठवलं. माहूरची रेणुकाआई नुसत्या मुखाची आहे. तिला हात नाहीत, पाय नाहीत. लहानपणी दर्शन घेऊनही मी कॅलेंडर पाहून चित्र काढत बसलो होतो. त्याच संध्याकाळी पाय, धड सगळं खरवडलं आणि भिंतभर फक्त मुख काढलं. ते आजही टिकून आहे.

ती कोण होती, हे मी कोणाला सांगत नाही. मला ठाऊकही नाही. आबा चित्र पाहायला आले, मुखाला हात जोडले आणि म्हणाले, "मामाला मी सांगतो काय सांगायचं ते." मी धर्माबादला गेलो नाही. आता भिंतीसमोर उभा राहिलो की स्वतःचं काही ठरवत नाही. आईला काय हवं ते आधी विचारतो आणि उत्तर येईपर्यंत ब्रश कोरडा ठेवतो.