नावेनं आलेली सून

नाव सध्या अंगणात आंब्याखाली पालथी पडली आहे. हे, म्हणजे माझे मालक, हिवाळ्याच्या कामाला तेलंगणात गेलेत. जाताना नाव ओढून वर आणली, पालथी घातली आणि मला म्हणाले, "अधूनमधून हात फिरवत जा तिच्यावर." मी हात फिरवते, आणि तिच्या पाठीवर मिरच्याही वाळत घालते. सासूबाई गेल्यापासून घरात बोलणारं माणूस मी एकटीच उरले, त्यामुळे बोलणंच बंद झालं आहे. कधीकधी कोंबड्यांना हाकलताना स्वतःचा आवाज ऐकून दचकायला होतं. म्हणून हे लिहायला बसले. शाळा सातवीतच सुटली माझी, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

माझं माहेर इथून फार लांब, मराठवाड्यात. बाप मोंढ्यात हमाल. आई आणि मी पोती शिवायचो, दाभण आणि सुतळी घेऊन. ह्यांची न् माझी गाठ पुण्याकडे एका कंपनीच्या कँटीनमध्ये पडली. मी पोळ्या लाटायची, हे वाढायला असायचे. जात वेगळी, मुलूख वेगळा. हे ढिवराचे, वैनगंगेच्या काठी मासे मारणारे, पोटाला भात लागणारे. आम्ही भाकरीची माणसं. रजिस्टर लग्न करून फोन लावला तर बाप एवढंच म्हणाला, "बरं केलंस. आता इकडं येऊ नको." मागून आईच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

कंपनीनं कँटीन दुसऱ्याला दिलं, दोघांचंही काम गेलं. खोली सोडायची वेळ आली. आता उघडं असलं तर एकच दार होतं, ह्यांच्या आईचं. तेही उघडं आहे की नाही, ते माहीत नव्हतं.

ह्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. बराच वेळ पलीकडून फक्त कोंबडा ओरडत होता. मग त्या म्हणाल्या, "आन तिले. पन मोटारीनं नको आनू. तुह्या बापाची नाव मामाच्या गावाले पडली आहे, तिच्यात बसवून आन. या घरात सून पान्यानं येते. मी तशीच आली, माही सासू तशीच आली."

हे खूश झाले. "आईनं हो म्हटलं!"

मला मात्र त्यातला 'पन' तेवढा ऐकू आला. नावेनं आली तर सून, आणि मोटारीनं आली तर कोण?

आणि मला तर पोहता येत नव्हतं. आमच्या गावी उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढायचे. गुडघ्याच्या वर पाणी मी अंगाला लागू दिलं नव्हतं. ह्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. नदीकाठच्या माणसाला हे विचारायचं सुचतच नाही. 'तुला चालता येतं का' असं कोणी कोणाला विचारतं का? आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी आईला फोन केला असता, आणि तो 'पन' आणखी मोठा झाला असता.

मामांचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, ब्रह्मपुरीकडे. सासरे गेल्यापासून नाव तिथं गोठ्याच्या मागं पडून होती. मामांनी आणि ह्यांनी तिच्या फटी कापूस आणि डांबर घालून बुजवल्या. शीड मात्र उंदरांनी संपवलं होतं. पूर्वी पाणी वाहतं होतं तेव्हा शीड नसलं तरी चालायचं. आता खाली बॅरेज झाल्यापासून पाणी तुंबून राहतं, वारा धरल्याशिवाय नाव पुढं सरकत नाही. मामी युरियाची रिकामी पोती घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिवता येते का व काई?"

पहिल्यांदाच कोणी मला येणारी गोष्ट विचारली होती. मी दाभण मागून घेतलं. पोती उसवून, जोडून, दुहेरी टाक्यानं शीड शिवलं. मामा बिडी ओढत बघत होते.

"पोरगी कामाची आहे गा, भासा. सोडू नको."

"सोडायले आनली का, मामा?"

"तुहं काई सांगता येत नाई. शाळा सोडली, गाव सोडलं. सोडाचीच सवय तुले."

सगळे हसले. मीही हसले. हसताना नजर मात्र नदीकडेच होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मामींनी डब्यात भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून दिले. "उतराचं असंन तं मधी रेतीवर उतरजा. काठाले नका उतरू, वाघ फिरून राह्यला." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भेव नको, बाई. नावेत बसली म्हंजे आईच्या मांडीवर बसली." मी मान हलवली. माझी आई त्या वेळी मोंढ्यात कोणाची तरी पोती शिवत बसली असणार.

नदी सुंदर होती, हे मला आता कळतं. धुकं पाण्यावरून हळूहळू वर जात होतं. दोन्ही बाजूला सागाची वाळत चाललेली पानं, मधूनमधून पांढरी रेती, रेतीवर विटकरी रंगाची बदकं जोडीजोडीनं बसलेली. हे मागं वल्हं धरून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी दाखवत होते. "ते पाय, तिथी बाबा जाळं टाकाचे. तो खडक दिसते? त्याच्याखाली मरळ राहते." पुण्यात कधी एवढं बोलले नव्हते. पुण्यात हे कुणाचं तरी ताट उचलणारे होते, इथं सगळं ह्यांचं होतं. ह्यांना बघून बरं वाटायचं, आणि तेवढंच एकटंही. ज्या गावाला आपण निघालो, ते सगळं ह्यांच्या आत आधीपासून आहे, माझ्या आत तिथला एक खडकसुद्धा नाही, असं वाटायचं. मी दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती. ह्यांना वाटलं, थंडीनं.

एका ठिकाणी रेतीवर डांगरवाडी होती. नदीच्या रेतीत खड्डे करून टरबूज-डांगर लावतात, ती. एक म्हातारी बाई हातातलं टोपलं खाली ठेवून ओरडली, "कोनाची गा नाव?"

ह्यांनी बापाचं नाव सांगितलं.

"अगा माय! तू त्याचा पोरगा? आन ही कोन? नवरी?"

"हाव!"

"तोंड काऊन असं केलं तिनं? कडू कारलं खाल्लं का?"

"नवी आहे, आजी!"

"नवी तं आम्ही बी होतो. आम्ही गात जावो!"

नाव पुढं गेली तरी ती हसत होती. मी गाण्यासाठी तोंड उघडलं असतं तर रडणंच बाहेर आलं असतं.

उन्हं चढली तसा मागून उत्तरेचा वारा सुटला. ह्यांनी बांबू उभा केला, शीड वर ओढलं, आणि शिडाच्या खालच्या टोकाची दोरी माझ्या हातात दिली. "धरून ठेव." एवढंच म्हणाले. पोती फुगली, नाव एकदम धावायला लागली. माझे टाके ताणले गेले, पण एकही उसवला नाही. तेवढा वेळ मी भीती विसरले.

पण एका हातात दोरी धरायची म्हणजे नावेची कड एकाच हातानं धरावी लागत होती. ते काही मला जमेना. म्हणून मी दोरी आडव्या फळीला बांधून टाकली, बापाची गाठ मारून. ट्रकवर माल लादल्यावर ताडपत्रीवर मारतात ती. बाप म्हणायचा, गाठ अशी पाहिजे की हैदराबादला जाऊन कापावी लागली पाहिजे. हमालाच्या पोरीनं दोरी हातात आल्यावर दुसरं काय करायचं? आवळायची. आणि पाण्यावरचा माणूस ती दोरी कधीच बांधत नाही, हातातच ठेवतो, वारा जास्त झाला की सोडून देतो. हे ह्यांनी सांगितलं नाही. ह्यांना ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

गडचिरोलीच्या पुलाखालून गेलो तेव्हा वरून एसटी चालली होती. खिडकीतून एका लेकरानं हात केला. त्या गाडीत बसलो असतो तर एव्हाना पोचलो असतो, असं मनात आलं. पुलाच्या पुढं नदी वळते. त्या वळणावर वारा एकदम आडवा आला.

नाव एका अंगावर कलली. भाताचा डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. कडेवरून पाणी आत आलं, थंडगार, मांडीपर्यंत.

"दोरी सोड! सोड!"

मी गाठीला नखं लावली. गाठ बापाची होती. सुटेना.

"सुटत नाही!"

"मंग उडी मार! मी पाहून घेतो नाव! मार उडी!"

"मला पोहता येत नाही!"

मी हे ओरडले आणि ह्यांचं तोंड बघितलं. वल्हं तसंच हातात राहिलं होतं. बायको वेगळ्या जातीची आहे, वेगळ्या मुलखाची आहे, हे सगळं ह्यांनी पचवलं होतं. हे मात्र पचत नव्हतं.

माझ्या बाजूलाच नावेच्या कडेत मासे कापायचा विळा खोचलेला होता. गाठ एव्हाना आत आलेल्या पाण्याखाली गेली होती, ती कापायला वाकावं लागलं असतं, आणि वाकायला माझी छाती होईना. शीड मात्र तोंडासमोर होतं. मी जिथून शिवायला सुरुवात केली होती तो टाका मला पाठ होता. तिथं विळा घातला आणि ओढला. सुतळी तटतट तुटत वरपर्यंत गेली. वारा मधून निघून गेला आणि नाव धप्पकन सरळ बसली.

जवळच रेती होती. नाव तिथं लावली. दोघंही ओले. ह्यांनी डब्यानं पाणी उपसलं. मी शीड मांडीवर घेऊन, बरोबर आणलेल्या दाभण-सुतळीनं पुन्हा शिवायला बसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. कितीतरी वेळानं हे म्हणाले, "सांगितलं काऊन नाई?"

"तुमच्या आईनं नावेनंच आण म्हणलं होतं."

ह्यांनी उपसायचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "चाल, मागं पुलापाशी जाऊ. तिथून बस भेटते. नाव मी मंग आनतो."

"नाही. नावेनंच."

"अन् बुडली मंग?"

"मला दुसरं घर नाही," मी म्हटलं. खरं तर रडत म्हटलं.

ते उठले. नावेत गोड्या तेलाचा रिकामा पिवळा कॅन होता, जाळ्याला तरंगता ठेवायला असतो तसा. त्याचं झाकण घट्ट लावलं, आणि दोरीनं माझ्या पाठीला बांधायला लागले. ह्यांची गाठ सैल वाटली म्हणून ती सोडून मी स्वतःच मारली, बापाची. तेव्हा हे पहिल्यांदा हसले. "आता हैदराबादलेच सुटते ही." पुढं शिडाची दोरी ह्यांनी आपल्या हातात ठेवली आणि वल्हं काखेत. मी पाठीवर कॅन घेऊन मधोमध बसले.  हे दर थोड्या वेळानं पुढं वाकून कॅन हलवून बघायचे.

ऊन कलताना गाव आलं. घाटावर दोनचार बाया भांडी घासत होत्या, आणि वर एकटी एक उंच, वाळकी बाई उभी होती. मी बघताक्षणी ओळखलं. त्यांची नजर आधी नावेवर गेली. नवऱ्याची नाव बऱ्याच वर्षांनी बघत होत्या. मग शिडावर, मग मुलावर, आणि शेवटी माझ्यावर. मी पदर नीट करायला गेले तर कॅन मध्ये आला. भांडी घासणाऱ्या बाया तोंडाला राखेचे हात लावून हसायला लागल्या.

"हे काय बांदलं गा तिले?"

"तिले पोहता नाई येत, आई."

हसणं थांबलं. त्या पायरी उतरून पाण्याजवळ आल्या.

"खरं का व?"

मी मान हलवली. आता सगळं संपलं, असं वाटलं.

"मंग बसली काऊन नावेत?"

"तुम्ही म्हणला होता ना. नावेनंच आण म्हणून."

"मी म्हनलं नाव आन म्हून!" त्या मुलावर ओरडल्या. "पोरगा बापाची नाव तिथीच सडवून पुन्यात भांडे उचलून राह्यला, त्याले घरी आनाले काईतरी म्हना लागते का नाई? अन् हिनं जीव टांगला!"

मग लुगडं गुडघ्यावर खोचून त्या पाण्यात शिरल्या. माझ्या दंडाला धरलं. हात मासे साफ करणारा, खरखरीत, आणि घट्ट. माझ्या आईचा हात सुतळीनं तसाच झाला आहे.

"उतर. मी आहो. इथी कंबरेएवढंच आहे."

मी उतरले. त्यांनी पाठीमागं जाऊन दोरी सोडायला घेतली. नखांनी बघितलं, दातांनी बघितलं.

"कोनं बांदली?"

"मीच."

"कोनं शिकवली?"

"बापानं."

 बाप कुठाय, येणार का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. हे विळा घेऊन पुढं झाले तर सासूबाईंनी त्यांनाच दटावलं, "राहू दे, कापू नको. बापाची आहे. घरी गेल्यावर हळूहळू सोडू."

उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मी ते पायानं लवंडलं आणि पाठीवरचा कॅन चौकटीला लागून दण्णकन वाजला. आतली कोंबडी फडफडत बाहेर पळाली. सासूबाई म्हणाल्या, "बापा! वाजतगाजत आली माही सून."