सीमेबाहेरचं जेवण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वांगणीच्या पुढे डोंगराला टेकलेल्या एका वाडीबद्दल मी सरकारी पाहणीत ‘वस्ती नाही’ असं भरलं. त्याच वाडीच्या माणसांनी पाहणीच्या दुपारी मला पोटभर जेवू घातलं होतं. वाढणारा एक म्हातारा होता. पत्रावळीवर मी हात आडवा धरला की तो बाजूला सारायचा. म्हणायचा, “मास्तर, डोंगर उतरायचाय. पोट हलकं असलं का पाय घसरतो.”

मी अंबरनाथच्या शाळेत शिक्षक. नळयोजनेसाठी कुठे माणसं राहतात, ते बघायचं काम आम्हा शिक्षकांवर आलं होतं. वर पोचलो तर सगळी वाडी सीमेबाहेर, आंब्याखाली बसलेली. म्हातारा पुढे आला. मी विचारलं, “बाबा, वाडीत माणसं किती?”

तो आधी खाली बसला. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याला उभ्या उभ्या उत्तर देताच येत नाही.

“कोनती धरायची?” तो म्हणाला. “शहाडला कामाला गेलेली धरायची? लेक नांदायला गेली, पन बाळंतपनाला इथंच येते, ती?”

“आत्ता राहतात ती सांगा.”

“राहतात तर समदीच.”

चुलीपाशी बसलेली त्याची बायको ओरडली, “ह्याला इचारू नका मास्तर! ह्यो मेलेल्यांना पन धरतो. आन् भांडन झालं का जित्यांना सोडतो!”

वाडी वसली कशी, हेही त्याने जेवताना सांगितलं. भात वाढताना सांगितलं की मूळपुरुष खाडीकाठच्या मिठागरातून म्हशी हाकत आला. ताक ओतेपर्यंत तोच मूळपुरुष एका कोंबड्यावरून भावाशी भांडून निघाला होता.

“यातलं खरं कोणतं?” मी हसत विचारलं.

“म्हशी पन खऱ्या, कोंबडा पन खरा. मानूस काय एकाच कारनानं गाव सोडतो व्हय?”

माझी अडचण वेगळीच होती. प्रत्येक कुटुंबाला घराच्या दारात उभं करून मोबाईलवर फोटो घ्यायचा होता, आणि मी नेमका त्यांच्या गावदेवीच्या दिवशी पोचलो होतो. पेरणीआधी एक दिवस आणि एक रात्र ते वाडी देवीला मोकळी करून देतात. चुली विझवायच्या, गुरं-कोंबड्या घेऊन सीमेबाहेर यायचं, तिथेच रांधायचं, तिथेच निजायचं. सकाळपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यानेही नाही.

“उद्या या,” म्हातारा म्हणाला. “समद्यांना दारात उभं करतो. म्हातारीला नवं लुगडं नेसवतो.”

दुसऱ्या दिवशी बदलापुरात आमच्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता. मग सामान हलवणं आलं, पूजा आली. डोंगर पुन्हा चढायचा कंटाळाही होता, तो का लपवू? माहिती देण्याची मुदत संपत आली. सीमेवरून उगाच काढलेला एक फोटो मोबाईलमध्ये होता: बंद दारं, कुठे धूर नाही, अंगणात कोंबडंही नाही. तोच जोडला.

पाइप खालच्या गावापर्यंत आले आणि थांबले.

म्हातारा काकड्यांची पिशवी घेऊन शाळेच्या फाटकाशी यायचा. “मास्तर, आमचा नळ वाट चुकला का काय?”

“वर विचारतो,” मी म्हणायचो. कधी विचारलं नाही.

एकदा तो आपणहून म्हणाला, “पोरं बोलतात, मास्तरनंच घोळ घातला. मी त्यांना गप केलं. बोललो, आपल्यात जेवलाय तो. जेवलेला मानूस असं करतो व्हय?” मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घंटा झाली म्हणून आत गेलो. घंटा झाली नव्हती.

वाडीची विहीर होळीनंतर आटायची. हंडे डोक्यावर घेऊन डोंगर चढावा लागतो म्हणून तिथल्या पोरांना कुणी मुली देईना. एक घर उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्याजवळ गेलं, एक एमआयडीसीच्या बाजूला. शेवटी म्हाताऱ्याच्या मुलानेही वांगणीच्या नव्या बिल्डिंगीत खोली घेतली आणि म्हातारा-म्हातारीला खाली आणलं.

मी एकदाच भेटायला गेलो. त्याने स्वतः उठून पाणी दिलं. “प्या. आता घरात नळ हाय.” मग पेल्याकडे बघत म्हणाला, “वर दोनच चुली राहिल्यात मास्तर. मी समद्या धरतो, पन आता म्हातारीबी माझ्याशी भांडत नाय त्यावरून.”

त्या हिवाळ्यात तो गेला. दहाव्याला त्याची बायको मला म्हणाली, “तुमच्यावर लई भरोसा होता त्याचा. बोलायचा, मास्तर नळाचं करतील कायतरी.” मी मान खाली घातली. तिला वाटलं, मला रडू येतंय.

ती दोन घरं अजून वर राहतात, आणि पाणी अजून डोक्यावरूनच चढतं. पाहणीच्या दिवशी तिथे माणसं होती, मी ती पाहिली होती आणि खोटं भरलं, हे कार्यालयात जाऊन लिहून देणं माझ्याकडून बाकी आहे. त्याआधी त्याच्या म्हातारीला तोंडाने सांगणं बाकी आहे.