आईचा ट्रॅक्टर

पावणे गावातल्या माझ्या दुरुस्तीच्या गाळ्यात जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे भाग डिझेलने धुताना त्या वासाने मला आमच्या बोनकोडे गावातली एक सकाळ आठवते. आमची शेती माझ्या जन्माआधीच शहर वसवायला सरकारने घेतली होती. ताडपत्रीखाली गंजलेला घरचा ट्रॅक्टर मी हौसेने दुरुस्त केला आणि तो धडधडत सुरू झाला. पिठाच्या हातांनी आई धावत आली.

“उतर खाली,” म्हणत ती पदर खोचून सीटवर बसली आणि बिल्डिंगला फेरी मारू लागली. शेजारी गॅलरीत जमले.

मी ओशाळून म्हणालो, “आई, लोक बघतायत.”

“बगू दे! आपला शेत मीच नांगरायची.”

मी तो ट्रॅक्टर बाबांचा समजत होतो. आता कुणीही जुना ट्रॅक्टर आणला, की मी आधी विचारतो, “हा चालवायचं कोण?”