ड्रायव्हरसाहेबांचा जादा दिवा

गाडीत बसण्याआधी ते रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, कपाळावर तळहात आडवा धरायचे, लांबवर बघायचे आणि म्हणायचे, "लाइन क्लियर." मग समोरून बैलगाडी येत असो की म्हशींचा कळप, ते निघायचे. त्या वेळी नागपुरात सीताबर्डीच्या माझ्या दुकानासमोर तुम्ही उभे असतात तर तुम्हीही हसला असतात. आम्ही हसायचो, पण तोंड फिरवून. त्या माणसानं उभा जन्म मेलगाड्यांची वाफेची इंजिनं चालवली होती. त्यांच्या तोंडावर हसायची आमची छाती नव्हती. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायचे.

माझं दुकान मोटारींच्या वायरिंगचं. सत्तरच्या दशकात ते रिटायर झाले, एक जुनी फियाट घेतली आणि रामटेकजवळच्या आपल्या शेतावर रोज पहाटे जाऊ लागले. थंडीत कन्हान नदीच्या अंगाला असं धुकं उतरतं, की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. एक दिवस ते परातीएवढा दिवा काखोटीला मारून दुकानात आले.

"हे लावून दे गा. पुढचं काहीच दिसून नाही राहिलं."

मी म्हणालो, "साहेब, हा दिवा डॅशबोर्डच्या बटणावरून सरळ जोडला तर वायर तापून गाडी पेटेल. जाड वायर टाकू, वेगळा फ्यूज देऊ आणि मध्ये रिले बसवू. तुमच्या बटणानं फक्त हुकूम द्यायचा. जोराचा करंट दुसऱ्या वाटेनं जाईल."

"म्हणजे केबिनमधला माणूस दांडा ओढते अन् सिग्नल तिकडं दूर पडते. समजलं."

"आणि समोरून कोणी आलं, तुम्ही डिपर दिला, की हा दिवा विझला पाहिजे. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड मारायचा नाही, असा कायदाच आहे. पोलीस चलान करतील."

हे मात्र त्यांना पटलं नाही. "काहून? माझ्या उजेडानं कोणाचं काय बिघडते? उजेड तर त्यालेही दिसते ना!"

मी दिवा डिपरला जोडूनच दिला. घरी जाऊन त्यांनी ती वायर स्वतःच्या हातानं सोडवली आणि स्टिअरिंगखाली वेगळं बटण बसवलं. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, पण अपघात झाल्यावर.

कन्हानच्या पलीकडे, पहाटेच्या धुक्यात, समोरून एक गवळी सायकलवर दुधाचे कॅन लटकवून नागपूरकडे येत होता. परातीएवढा उजेड एकदम डोळ्यांवर आला आणि तो रस्ता सोडून कडेच्या खड्ड्यात गेला. पाय मोडला. साहेबांनी त्याला उचलून गाडीत घातलं आणि कामठीच्या दवाखान्यात नेलं. हवालदार आला. गवळी बिचारा सांगू लागला, "धुकं होतं जी, मले रस्ता दिसला नाही. साहेबांनी तर उलट मले आणलं." हवालदारानं वही मिटत आणली होती. तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "धुकं लिहू नका. दिवा लिहा. माझा होता, चालूच होता."

त्यांनी कोर्टात गुन्हाही कबूल केला. वकील घेतला नाही.

मग एका संध्याकाळी ते दुकानात आले. "चल," म्हणाले, "मले माझ्याच दिव्यासमोर उभं कर."

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. ते चालत लांब गेले, वळले, आणि हात वर केला. मी बटण दाबलं. त्या झोतात ते पांढरे फटक दिसत होते. डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. "बस झालं साहेब!" म्हणून मी ओरडलो, तरी हलले नाहीत. शेवटी मीच दिवा बंद केला. आंधळ्यासारखे चाचपडत आले आणि बॉनेटला धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"इंजिनाच्या दिव्यानं समोरच्या डायवरचे डोळे दिपले, तरी त्याले रूळ नेते," ते हळूच म्हणाले. "सायकलवाल्याले रूळ नसते गा."

दुसऱ्या दिवशी मी तो मोठा दिवा उतरवला. बंपरखाली दोन छोटे पिवळे दिवे बसवले, उजेड खाली, रस्त्याच्या डाव्या कडेवर पडेल असे. प्रत्येक जोड त्यांनी स्वतः ओढून पाहिला.

गवळ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता तोवर त्याचं दूध फियाटमधून आलं. पहाटे त्याच्या गावी जायचं, कॅन भरायचे, आणि नागपुरात दारोदार उभं राहायचं. मेलगाडी चालवलेला तो उंच माणूस हातात माप घेऊन आमच्या गल्लीत ओरडायचा, "भांडं आण वं बाई लवकर! लेट होऊन राहिलं!" एकदा मी म्हणालो, "साहेब, एखादा माणूस ठेवा की या कामाला." ते म्हणाले, "ज्यानं पाडलं त्यानंच आणलं पाहिजे."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला कामठी रोडवरची एक पहाट दिसते. गवळ्याचं प्लास्टर निघालं होतं, पण मनातली भीती गेली नव्हती. मोटार दिसली की तो सायकलवरून उतरून कडेला उभा राहायचा, असं ऐकलं होतं. मी कामासाठी स्कूटरवरून कामठीला निघालो होतो. समोरच्या धुक्यात ट्रकांचे हॉर्न ऐकू आले, पण येत काहीच नव्हतं. मी कडेला थांबलो.

बऱ्याच वेळानं एक सायकल आली. दोन्ही बाजूंना कॅन, हँडल थोडं डुगडुगणारं. तिच्या मागे, तिच्याच चालीनं, फियाट. पिवळा उजेड जमिनीसरपट पसरून सायकलच्या पुढची रस्त्याची कड दाखवत होता. मागे ट्रकांची रांग लागली होती, हॉर्नवर हॉर्न वाजत होते, आणि ड्रायव्हरसाहेब ना पुढे जात होते, ना कोणाला त्या सायकलजवळ येऊ देत होते.

मी हात केला. त्यांना तो दिसला नाही. त्यांची नजर सायकलच्या मागच्या चाकावर होती.