निरोगी कुत्र्याचा रकाना

आत्या सोळा वर्षं जनावरांच्या प्रयोगशाळेत पेशी मोजते. आजारी कुत्र्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वरच्या खळग्यात, जंतू शिरल्यावर शरीर सोडतं ते रसायन खालच्या खळग्यात, आणि मध्ये बारीक छिद्रांचा पातळ पडदा. रसायन म्हणजे हाक. धडधाकट पेशी अंग चोरून छिद्रांतून हाकेच्या दिशेने उतरतात. दीड तासाने पडदा रंगवायचा आणि किती पोचल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

तुलनेला एक निरोगी कुत्रा लागतो. तो आत्याचाच, साहेब नावाचा. आतोबांनी आणलेला. आतोबांना जाऊन आठ महिने झाले; आता घरात ही दोघंच. दर मंगळवारी सकाळी "चला साहेब, ड्यूटी" म्हटलं की तो रक्त द्यायला आपणहून पाय पुढे करतो.

एका मंगळवारी नोंदवहीतल्या त्याच्या रकान्यात नेहमीच्या साठ पेशींच्या जागी चार आल्या.

"माझी चूक," आत्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंना म्हणाली. "रसायन दोन्ही खळग्यांत पडलं असणार." दोन्हीकडून सारखी हाक आली की पेशींना दिशाच कळत नाही. नवशिक्यांकडून असं होतं.

"तुमची चूक? सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

"वय झालं."

महिनाभर साहेबाची सुजलेली हिरडी बरी होत नव्हती. तेही तिने त्याच्या वयावरच ढकललं होतं.

बुधवारी तिने पुन्हा रक्त काढलं आणि खळगे भरायला डॉक्टरबाईंना बसवलं.

"अहो, माझा हात बसलेला नाही. मी चुकले तर?"

"चुकलात तर बरंच होईल."

दीड तास ती खुर्चीत बसून राहिली. चहावर साय धरली. रडू आठ महिन्यांपूर्वीही आलं नव्हतं. बाई खंबीर आहे, लोक म्हणाले होते. "खंबीर कसली," मला म्हणाली होती एकदा, "घरातली एकूण एक वस्तू एकदम हाका मारते गं. मग मी बसल्या जागची हलत नाही."

शेजारच्या रकान्यातल्या आजारी कुत्र्याच्या एकतीस पेशी उतरल्या होत्या. साहेबाच्या तीन.

"बाकीच्या तपासण्या करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधं आहेत. पण अशा कुत्र्याला साधी जखमसुद्धा..."

"माहितीये." असले अहवाल तिनेच टाइप केले होते.

तिने नोंदवही आणि पट्टी घेतली, 'निरोगी'समोरचं साहेबाचं नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि खाली रुग्णांच्या यादीत लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"पुढच्या मंगळवारी निरोगी कुत्रा कुठून आणायचा?" डॉक्टरबाईंनी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"शेजारी बघते."

घरी साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी पडला होता. आत्या चपला न काढताच जमिनीवर बसली.

"साहेब," तिने हळूच हाक मारली.

त्याने कान हलवला. उठायला वेळ लावला. मग सरळ तिच्याकडे आला आणि पाय पुढे केला.