तारीखवाले साहेब आणि त्यांचा पूल

त्यांना सगळे तारीखवाले साहेब म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. कारण त्यांनी दिलेली तारीख कधी चुकली नाही. इतर ठेकेदार वाळूचं, मजुरांचं, पाण्याचं रडगाणं गात बसायचे, तेव्हा ह्यांच्या कामावर रंगाचा शेवटचा हात फिरत असे. बांधकाम कंपनीत साधे साइट इंजिनीअर म्हणून लागले तेव्हा पायातले बूट थोरल्या भावाचे होते, अंमळ मोठेच. निवृत्त झाले ते संचालक म्हणून. मधल्या सगळ्या पायऱ्या ते तारखांच्या जोरावर चढले. असा माणूस कामाला जुंपून घेतो तेव्हा घरच्यांना कळत नाही, त्याचा अभिमान बाळगावा की त्याला विसरून जावं. साहेबांच्या बायकोने दोन्ही केलं.

आणि ह्याच साहेबांनी स्वतः बांधलेल्या सगळ्यात मोठ्या पुलावर उद्घाटनानंतर पुन्हा पाऊल टाकलं नाही.

शहराच्या मधून नदी होती. अलीकडे घरं आणि शाळा, पलीकडे मोठं हॉस्पिटल आणि कचेऱ्या. जायचं तर टेकडीला वळसा घाला, रेल्वेच्या फाटकाशी ताटकळा आणि मग वरच्या अंगाच्या जुन्या अरुंद पुलावरून उतरा. लोक विटले होते. नवा पूल मंजूर झाला आणि काम साहेबांकडे आलं. तेव्हा ते ऐन चाळिशीत होते, आणि कंपनीचे मोठे साहेब त्यांना खांद्यावर हात टाकून म्हणाले होते, “एवढा पूल वेळेत उभा करा, पुढची खुर्ची तुमचीच.”

मधल्या खांबाच्या पायाचं काँक्रीट ओतायला घेतलं आणि काँक्रीट कालवणारं यंत्र भर कामात बंद पडलं. असं काम एका दमात करायचं असतं. मध्येच थांबलं की खालचं सुकतं आणि वरचं त्याला नीट धरत नाही. यंत्र सुरू होईपर्यंत खालचं काँक्रीट आवळून बसलं होतं. उरलेलं त्याच्यावर घाईघाईने ओतलं गेलं. पुढे साच्याच्या फळ्या उतरवल्या तर खांबाला कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या पोकळ्या, आणि आतल्या सळया उघड्या.

“पार चाळण झालीय, साहेब,” मुकादम म्हणाला.

“तोडून पुन्हा ओतायचं तर?”

“तर तारीख गेली. पाणी चढायला लागलं की कुठला खांब आणि कुठलं काय! भरून टाकतो. वरून असा गुळगुळीत करून देतो की तुम्हीच ओळखणार नाही. आणि पाण्याखाली बघायला जातंय कोण?”

मुकादम काही वाईट माणूस नव्हता. साहेबांना जे ऐकायचं होतं ते त्याने बोलून दाखवलं, एवढंच. खांब तोडायला हवा हे साहेबांना पाढ्यांइतकं पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एका पोकळीत हात घालून पाहिला.

“भरून घ्या,” ते म्हणाले.

पाणी चढलं आणि खांबाचा पाया झाकला गेला. पूल झाला, तोही तारखेच्या आधी. वाळूने भरलेले ट्रक वर उभे करून वजनाची चाचणी घेतली, आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे साहेब त्या वेळी पुलाखाली उभे राहिले. त्यांची नजर मधल्या खांबावरून हलत नव्हती. फोटोत ते दिसत नाही. पूल तसूभरही हलला नाही. टाळ्या झाल्या, खुर्ची मिळाली, आणि साहेबांची झोप गेली ती गेलीच.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायचं होतं. तेच तर! बढती नवी होती तेव्हा वाटलं, जरा बस्तान बसू दे. बस्तान बसलं तेव्हा वाटलं, कंपनीचं नाव जाईल, हाताखालच्यांची पोटं आहेत. निवृत्त झाल्यावर सांगू, असं ठरलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, इतकी वर्षं पूल ठणठणीत उभा आहे, आता कशाला उकरून काढा? माणूस मूग गिळून बसला की त्याला कारणांचा तुटवडा पडत नाही. पूल पडला असता तर निदान शिक्षा तरी झाली असती. पूल पडत नव्हता. दर पुरानंतर साहेब काठावर गाडी थांबवून मधल्या खांबाकडे बघायचे आणि परत फिरायचे.

एक मात्र त्यांनी केलं. घरच्यांना पूल बंद केला. पलीकडे जायचं तर जुन्या रस्त्याने. सुरुवातीला गर्दीचं निमित्त, मग धुळीचं, मग नुसतंच “मी सांगतो म्हणून.” बायको पाहुण्यांसमोर टोमणे मारायची, “लोक बायकोला दागिने घडवतात. आमच्यांनी पूल घडवला, आणि बायकोलाच तिथे मज्जाव!” पाहुणे हसायचे. साहेब पेपरात डोकं खुपसायचे. लेकीचं सासर नेमकं पलीकडच्या काठावर पडलं, तेव्हा तिलाही त्यांनी बजावून ठेवलं. तीही हसली. बाबांचा विक्षिप्तपणा म्हणून सगळ्यांनी ते खपवून घेतलं.

मग ती दुपार आली. जेवण आटोपून बायको ओट्यापाशी उभी होती. एकदम छाती धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. साहेबांनी फोन केला, अँब्युलन्स आली, लेकीला कळवलं. “पुलावरून झटक्यात पोहोचवतो,” म्हणत ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

“जुन्या रस्त्याने घ्या,” साहेब म्हणाले.

ड्रायव्हरने वळून पाहिलं. “अहो काका, पेशंट सीरियस आहे. तिकडे फाटक लागतं.”

“मी सांगतो ना! तो पूल मी बांधलाय, मला विचारा!”

आरशातून त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. बायकोने तोंडावरचा मास्क बाजूला ओढला. “अहो, पुलावरून न्या,” ती म्हणाली. “काही होत नाही.” ती काहीतरी बरळते आहे असं साहेबांना वाटलं. त्यांनी मास्क पुन्हा नीट बसवला आणि तिचा हात धरला. त्या पुलावरून दिवसभर भरलेले ट्रक जात होते. त्यात एका अँब्युलन्सचा भार तो किती, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? सगळं कळत होतं. पण इतकी वर्षं घोटलेली भीती हिशेब ऐकत नाही.

फाटक बंद होतं. मालगाडी आली, ती काही संपेना. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होता. साहेबांनी “मागे फिरवा” म्हणून पाहिलं, पण मागे गाड्यांची रांग लागलेली. त्या फाटकाशी बायकोने धरलेला हात सैल झाला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी आडवळणाने सांगायचा प्रयत्न केला, पण सांगायचं ते सांगावंच लागलं. थोडं आधी आणलं असतं तर.

पुढचे काही दिवस माणसांनी घर भरलं. भेटायला आलेले सगळे पुलावरून आले आणि पुलावरूनच गेले. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. माणसं पांगली तशी लेक त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

“बाबा, मी पुलाच्या तोंडाशी उभी होते. रिक्षावाल्यांना सांगून रस्ता मोकळा करून ठेवला होता. सगळे थांबले होते आईसाठी. तुम्ही आलाच नाहीत.”

साहेबांनी नजर खिडकीकडे वळवली.

“त्या ड्रायव्हरने मला सगळं सांगितलं. का नेलंत तिला तिकडून? आई दर आठवड्याला पुलावरूनच यायची माझ्याकडे. तुम्ही घराबाहेर पडलात की रिक्षा करायची आणि तुमच्या आधी घरी परत. म्हणायची, त्यांना सांगू नकोस गं, उगाच जिवाला लावून घेतात. वर्षानुवर्षं येत होती, बाबा! काही झालं नाही तिला. तुमच्याबरोबर निघाली आणि...”

वाक्य तिला पुरं करवेना. काही होत नाही, हे ती अनुभवाने सांगत होती, आणि त्यांनी तिच्या तोंडावर मास्क बसवला होता. मग ते बोलले. बंद पडलेलं यंत्र, पोकळ्या, मुकादम, आपले दोन शब्द, सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते हे मोठ्याने बोलत होते, आणि बोलताना त्यांना कुठेही थांबावं लागलं नाही. लेक ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

“मुलांची शाळेची बस रोज पुलावरून जाते,” ती म्हणाली. “तुम्ही चिडाल म्हणून आम्ही सांगितलं नाही.”

साहेब ताडकन उठले. “बंद कर! आजच्या आज बंद कर! त्यांना घरी आण!”

“फक्त आपल्याच मुलांना?”

ती हे ओरडून म्हणाली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पर्स उचलली आणि दाराशी जाऊन थांबली. “मी आपल्यांना आणते. बाकीच्यांचं तुम्ही बघा.”

साहेबांनी रस्तेखात्याच्या मुख्य इंजिनीअरला फोन लावला. तो एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सगळं ऐकून तो हळू आवाजात म्हणाला, “साहेब, तुमचा पूल? अहो, आम्ही नव्या पोरांना दाखवायला नेतो तो. बाईंचं कळलं, फार वाईट झालं. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या.”

“पाणबुडे उतरवा. मधला खांब बघा. तोपर्यंत पूल बंद ठेवा.”

“बघू ना, साहेब. पाणी उतरलं की बघू. एवढा वाहता पूल असा एका फोनवर बंद करता येतो का? तुम्हीच सांगा.”

कंपनीतल्या नव्या संचालकाने तर बोलूच दिलं नाही. असं बाहेर कुठे बोलू नका, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

साहेब घरातल्या चपलांवरच निघाले आणि चालत पुलाशी आले. शाळा सुटायची वेळ होती. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. “थांबा! कोणी जाऊ नका! हा पूल मी बांधलाय, मला माहीत आहे!” एक ट्रक कचकन थांबला, मागे हॉर्नचा गोंगाट उठला. चौकातला पोलीस धावत आला. साहेबांना ओळखून त्याने आधी सलाम ठोकला.

“साहेब, कडेला या बरं. चला.”

“आत पोकळी आहे हो! मीच भरायला सांगितली होती!”

“हो साहेब, हो,” पोलीस म्हणाला. त्याने त्यांना दंडाला धरून अगदी जपून कडेला नेलं. पानवाल्याने आपलं स्टूल काढून दिलं, कोणीतरी पाण्याची बाटली आणली. मोटरसायकलवरचा एकजण दुसऱ्याला सांगत होता, “अरे, हेच ते. बायको गेली बिचाऱ्यांची, तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय.” सगळ्यांना मनापासून कीव आली. साहेब उठायला गेले, तर पानवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना प्रेमाने खाली बसवलं. पोलिसाने शिट्टी मारली, हात हलवला आणि खोळंबलेल्या गाड्या एकेक करून पुलावर सोडल्या. त्यांत शाळेच्या बसही होत्या.